मापाडी बदलला की आकडा बदलतो

धान्याच्या बाजारात मापाड्याचे महत्त्व किती असते, हे शेतकऱ्याला विचारावे. वजनकाटे सर्रास वापरात येण्यापूर्वी ज्वारीची रास पायलीने मोजली जात असे. पायली एकच असली, तरी ती भरावयाची कशी यावर पुष्कळ काही अवलंबून असे. शीग लावून भरलेली पायली आणि काठावरून हात फिरवून सपाट केलेली पायली, या दोहोंनाही पायलीच म्हणावयाचे; परंतु शंभर पायल्या मोजून होईपर्यंत एकाचे पोते वर येई आणि दुसऱ्याच्या राशीला खड्डा पडे. यात मापाड्याने लबाडी केली असे म्हणता येत नसे. त्याने शंभर पायल्या मोजल्या होत्या आणि शंभरच सांगितल्या होत्या. वाद होता तो माप भरण्याच्या रीतीविषयी.

आज ज्वारीची रास काट्यावर चढते आणि तो वाद मिटला आहे. परंतु ज्या वस्तू काट्यावर चढविता येत नाहीत, त्यांच्याविषयी तो तसाच चालू आहे. वृत्तपत्राचे वाचक किती, दूरदर्शन संचावर कोणती वाहिनी किती लोक पाहतात, आणि संगणकावर वा मोबाइलवर संकेतस्थळे उघडण्यासाठी लोक कोणता ब्राउझर वापरतात, ही सारी या अदृश्य राशींची उदाहरणे होत. त्यांतील ब्राउझरची रास सर्वांत नवी आणि सर्वांत फसवी आहे.

धारवाडचे आकाशवाणी केंद्र १९५० मध्ये सुरू झाले. त्या काळी रेडिओ बाळगावयाचा तर परवाना काढावा लागे आणि त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. १९८० च्या दशकात ही पद्धत बंद झाली. तोवर रेडिओ किती, याचा आकडा सरकारदरबारी तयार असे. पण श्रोते किती, याचे उत्तर त्या आकड्यात नव्हते. बंगल्यातील एका रेडिओवर एक निवृत्त गृहस्थ बातम्या ऐके, आणि हॉटेलातील एका रेडिओभोवती चहाच्या कपांसह वीस माणसे बसत. परवाना मात्र दोन्हीकडे एकच. यंत्र मोजावयाचे, माणूस मोजावयाचा, की ऐकण्याचे तास मोजावयाचे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. ब्राउझरच्या वादातही तोच प्रश्न नव्या वेषात उभा आहे.

ब्राउझर म्हणजे संकेतस्थळाचे पान मागवून ते पडद्यावर मांडून दाखविणारे साधन. १९९४ मध्ये आलेला नेटस्केप नॅव्हिगेटर, १९९५ चा मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर, २००४ चा फायरफॉक्स आणि २००८ मध्ये गूगलने काढलेला क्रोम ही यांतील ठळक नावे. यांपैकी बहुतेक साधने फुकट मिळतात. त्यामुळे विक्रीच्या पावत्या मोजून कोणाचा खप किती हे ठरविता येत नाही. मोजावयाचा तो वापर. आणि वापर मोजण्याचा मार्ग असा की, पुष्कळशा संकेतस्थळांवर एक लहानसा मोजयंत्रवजा मजकूर बसवून ठेवावयाचा. जो कोणी ते पान उघडील, त्याच्या ब्राउझरची नोंद त्या मजकुरामार्फत मोजणाऱ्या कंपनीकडे जाते.

हुबळी-धारवाड रस्त्यालगतचे विद्यानगर हे नावाप्रमाणेच शाळा-महाविद्यालयांचे उपनगर. १९४७ साली स्थापन झालेले भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय, जे आज के. एल. ई. तांत्रिक विद्यापीठ म्हणून ओळखले जाते, ते याच भागात आहे. समजा, येथील एखाद्या ग्रंथालयात सायंकाळी आठ विद्यार्थी बसले आहेत. सहाजण 'अ' हा ब्राउझर वापरतात आणि प्रत्येकजण पाच पाने उघडून उठतो. उरलेले दोघे 'ब' वापरतात. त्यांची परीक्षा उद्यावर आलेली असल्याने प्रत्येकजण चाळीस पाने चाळतो. आता 'ब'चा वाटा किती? माणसे मोजली तर आठांतील दोन, म्हणजे २५ टक्के. पाने मोजली तर 'अ'ची तीस आणि 'ब'ची ऐंशी. एकूण एकशे दहांत 'ब'चा वाटा सुमारे ७३ टक्के. खोली तीच, विद्यार्थी तेच, सायंकाळही तीच. दोन मापाड्यांनी दोन उत्तरे दिली आणि दोन्ही बरोबर आहेत.

२०१२ मध्ये जगात हेच घडले. आयर्लंडमधील स्टॅटकाउंटर ही कंपनी पाने मोजत असे. तिने जाहीर केले की, १४ ते २० मे या आठवड्यात क्रोमने ३२.८ टक्के वाटा मिळवून इंटरनेट एक्सप्लोररला ३१.९ टक्क्यांवर मागे टाकले. त्याच महिन्यात अमेरिकेतील नेट ॲप्लिकेशन्स ही दुसरी कंपनी सांगत होती की, इंटरनेट एक्सप्लोररचा वाटा सुमारे ५४ टक्के असून क्रोम विसाच्या आत आहे. ही कंपनी पाने न मोजता भेट देणारे वेगवेगळे अभ्यागत मोजत असे. एकाच्या हिशेबी राजा पदच्युत झाला होता, तर दुसऱ्याच्या हिशेबी त्याच्या सिंहासनाला धक्काही लागला नव्हता. वृत्तपत्रांनी आपापल्या आवडीचा आकडा उचलला आणि सामान्य वाचकाने दोन्ही वाचून मान हलविली.

परंतु पाने की माणसे, एवढ्यावरच हा वाद संपत नव्हता. दुसरा मुद्दा होता देशांच्या वजनाचा. मोजयंत्र ज्या संकेतस्थळांवर बसविलेले असेल, तेथेच मोजणी होणार. ती संकेतस्थळे अमेरिकेतील माणसाच्या उपयोगाची अधिक आणि चीनमधील माणसाच्या उपयोगाची कमी असतील, तर अमेरिकेचा आवाज मोठा व चीनचा बारीक ऐकू येणार. हा दोष दूर करण्यासाठी नेट ॲप्लिकेशन्स प्रत्येक देशातील इंटरनेट वापरणाऱ्यांची संख्या लक्षात घेऊन त्या देशाच्या आकड्याला वजन देत असे. स्टॅटकाउंटर असे वजन देत नसे. मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या मार्च महिन्यात जाहीरपणे हाच मुद्दा मांडून स्टॅटकाउंटरच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. चीनमध्ये त्या काळी इंटरनेट एक्सप्लोररचा वापर मोठा होता; तेव्हा चीनचे वजन वाढले की त्या ब्राउझरचाही वाटा वाढे, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

वजन देणे म्हणजे काय, हे एका साध्या हिशेबाने कळेल. एक शहर आणि एक तालुका घ्या. दोन्हींकडे इंटरनेट वापरणारे सारखेच आहेत. मोजणीत मात्र शहरातील नऊशे माणसे सापडली आणि तालुक्यातील शंभर. शहरातील ६० टक्के, म्हणजे पाचशे चाळीस माणसे 'ब' वापरतात. तालुक्यात १० टक्के, म्हणजे अवघी दहा. सरळ बेरीज केली तर हजारांत साडेपाचशे, म्हणजे 'ब'चा वाटा ५५ टक्के. पण शहर व तालुका तुल्यबळ आहेत हे जाणून दोन्हींना समान वजन दिले, तर साठ आणि दहा यांची सरासरी ३५ टक्के येते. दुसरा आकडा सत्याच्या अधिक जवळचा, असे कोणीही म्हणेल. तथापि त्यातही एक मेख आहे. तालुक्यातील त्या शंभर माणसांपैकी प्रत्येकजण आता शहरातील नऊजणांच्या तोलाचा झाला. ती शंभर माणसे जर तालुक्याच्या गावी नोकरी करणारीच निघाली आणि खेड्यातील कोणीच त्यांत नसला, तर चूक नऊपट मोठी होऊन बसते. वजन दिल्याने न मोजलेला माणूस मोजला जात नाही. त्याच्या नावाने दुसराच कोणी बोलतो, एवढेच.

तिसरा मुद्दा गमतीचा होता. क्रोममध्ये त्या सुमारास अशी एक सोय होती की, शोध घेणारा माणूस पुढे कोणते पान उघडील याचा अंदाज बांधून ते पान आधीच मागवून ठेवले जाई, म्हणजे बोट टेकताक्षणी ते दिसावे. माणसाने ते पान उघडलेच नाही, तरी मोजयंत्रात नोंद होण्याचा संभव असे. न मागविलेला अंक वृत्तपत्र टाकणाऱ्या मुलाने उंबऱ्यावर टाकून जावा आणि त्या घराची वाचकांत गणना व्हावी, तसाच हा प्रकार. नेट ॲप्लिकेशन्सने अशी पाने वगळण्यास २०१२ च्या आरंभीच सुरुवात केली होती. स्टॅटकाउंटरनेही मे २०१२ पासून ती वगळली.

वाराचाही परिणाम कसा होतो, हे त्याच वर्षी दिसून आले. १८ मार्च २०१२ रोजी स्टॅटकाउंटरच्या मोजणीत क्रोम प्रथमच एका दिवसापुरता पहिला आला. तो रविवार होता. कचेरीतील संगणकावर कचेरीने बसविलेला ब्राउझर वापरावा लागतो. घरी आल्यावर माणूस आपल्या पसंतीचा वापरतो. म्हणजे सोमवारचा आकडा कचेरीची निवड सांगतो आणि रविवारचा आकडा माणसाची. हुबळीतील मराठी कुटुंबांना यात नवल वाटू नये. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्या माणसाची भाषा कोणती, याचे उत्तर त्याला कोठे गाठून विचारले यावर अवलंबून राहते. जनगणनेत म्हणूनच मातृभाषेखेरीज आणखी दोन भाषांची नोंद करण्याची सोय ठेवलेली असते. ब्राउझरच्या कोष्टकात तशी सोय नाही.

आता या सर्वांच्या मुळाशी असलेली अडचण पाहू. समोरचा ब्राउझर कोणता, हे मोजयंत्राला कळते कसे? ते कळते ब्राउझरने स्वतःविषयी दिलेल्या ओळखचिठ्ठीवरून. आणि ही चिठ्ठी आरंभापासूनच संशयास्पद आहे. नेटस्केपच्या ब्राउझरचे टोपणनाव मोझिला होते. काही संकेतस्थळे आपली सजविलेली पाने फक्त मोझिलाला देऊ लागली, तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररनेही चिठ्ठीवर मोझिला असे नाव घातले. लग्नघरी जेवावयास बसताना पाहुण्याने 'मी वरपक्षाकडचा' असे सांगावे, त्यातलाच हा प्रकार. पुढे प्रत्येक नव्या ब्राउझरने आधीच्यांची नावे आपल्या चिठ्ठीत जोडली. क्रोमच्या चिठ्ठीत मोझिला आणि सफारी या दोघांचीही नावे आढळतात. नॉर्वेत तयार झालेला ऑपेरा पुष्कळ वर्षे स्वतःला इंटरनेट एक्सप्लोरर म्हणवून घेत असे, कारण खरे नाव सांगितले तर काही संकेतस्थळे त्याला दारातूनच परत पाठवीत. विवाल्डी या ब्राउझरने २०१९ मध्ये याच कारणास्तव क्रोमसारखी चिठ्ठी देण्यास सुरुवात केली.

येथे या प्रश्नाचे खरे गांभीर्य दिसू लागते. एखादा ब्राउझर अल्पसंख्य ठरला की संकेतस्थळ तयार करणारे त्याची सोय पाहात नाहीत. सोय नसल्याने वापरणारा एकतर तो सोडून देतो, किंवा दुसऱ्याच्या नावाने आत शिरतो. दोन्ही प्रकारांत मोजणीतील त्याचा वाटा आणखी घटतो, आणि घटलेला आकडा पाहून उरलीसुरली सोयही बंद होते. आकडा येथे केवळ वस्तुस्थिती सांगत नाही, तो वस्तुस्थिती घडवीत असतो. शिवाय मागावर राहणाऱ्या यंत्रणांना अडविणारी साधने ज्यांनी आपल्या ब्राउझरमध्ये बसविली आहेत, त्यांच्याकडून मोजयंत्राला चिठ्ठीच पोहोचत नाही. आपली खासगी बाब जपणारा माणूस त्या हिशेबी अस्तित्वातच नसतो.

भारताचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. स्वस्त मोबाइल आणि मंद जाळे यांच्या दिवसांत अलिबाबा या चिनी उद्योगसमूहाचा यूसी ब्राउझर आपल्याकडे फार चालला, कारण तो पाने आवळून लहान करून आणीत असे. २०१७ च्या सुमारास स्टॅटकाउंटरच्या मोजणीप्रमाणे भारतातील मोबाइलवरील निम्म्या वापरावर त्याचा ताबा होता. अमेरिकेतील वर्तमानपत्रांना हे वाचून आश्चर्य वाटले, कारण तेथे त्याचे नावही फारसे कोणी ऐकले नव्हते. पुढे २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत यूसी ब्राउझरही होता. आज स्टॅटकाउंटरच्याच मोजणीत जगातील सुमारे दोन-तृतीयांश वापर क्रोमकडे आहे, आणि भारतात त्याचा वाटा याहूनही मोठा आहे.

असे आकडे केवळ तज्ज्ञांच्या चर्चेपुरते राहात नाहीत. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड मोबाइलसंबंधीच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या निर्णयात क्रोम ब्राउझरच्या बाजारातील स्थानाचाही विचार झाला होता. २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, आयोगाचे काही आदेश मात्र रद्द केले. बाजारात कोणाचे वर्चस्व आहे, हे ठरविण्यासाठी बाजारातील वाटा पाहावा लागतो. आणि वाटा पाहावयाचा तर मापाडी कोण, हा प्रश्न न्यायासनापुढेही टळत नाही.

मोजणीच्या रीतीने किती विचित्र परिणाम घडू शकतो, याचे याहून ठसठशीत उदाहरण महाराष्ट्रात नागपुरात घडले. ते वृत्तपत्रांविषयीचे आहे. जानेवारी २०१४ मध्ये इंडियन रीडरशिप सर्व्हे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाचक-पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाने १९११ मध्ये सुरू केलेले 'हितवाद' हे नागपूरचे जुने इंग्रजी दैनिक. त्याचा प्रमाणित खप साठ हजारांहून अधिक होता. पाहणीत मात्र त्याला एकही वाचक मिळाला नाही. दुसऱ्या एका इंग्रजी अर्थविषयक दैनिकाचे वाचक चेन्नईपेक्षा मणिपुरात तिप्पट असल्याचे त्याच पाहणीत निघाले. अठरा वृत्तपत्र समूहांनी एकत्र येऊन या निष्कर्षांचा निषेध केला. 

खप आणि वाचक या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे खरेच. १९४८ मध्ये स्थापन झालेली ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था विकलेल्या प्रती मोजते. वाचक-पाहणी घरोघर जाऊन माणसांना विचारते. एक प्रत घरातील चौघे वाचतात, तशीच एखादी प्रत घडी न मोडता रद्दीतही जाते. तेव्हा दोन आकड्यांत फरक असणे स्वाभाविक आहे. परंतु साठ हजार प्रती विकत घेणाऱ्यांपैकी एकही वाचक नसावा, हे बुद्धीला पटत नाही. देशभरातील लाखो घरांतून पाहणी केली, तरी ती एका शहरापर्यंत आणि एका भाषेच्या दैनिकापर्यंत येता येता तिच्या हातात मूठभर माणसे उरतात. त्या मुठीत जो सापडला नाही, तो नाहीच असे ठरते. आणि जाहिरात देणारा शून्याकडे पाहून आपले पैसे दुसरीकडे वळवितो. शून्याच्या पाठीमागे छापखान्यातील कामगार आणि पहाटे सायकलवर अंक टाकणारी मुले असतात, हे कोष्टकात दिसत नाही.

दूरदर्शन वाहिन्यांच्या बाबतीत मुंबईत निराळाच प्रश्न उपस्थित झाला. देशभरातील सुमारे ४४,००० घरांत बसविलेल्या मोजयंत्रांवरून वाहिन्यांचे प्रेक्षक ठरविले जात. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी असा आरोप केला की, अशा काही घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या चालू ठेवावयास सांगितले जात होते. प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेने वृत्तवाहिन्यांचे आकडे देणे थांबविले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. पोलिसांनी केलेला खटला २०२४ मध्ये राज्य शासनाने मागे घेतला, तेव्हा त्या आरोपांवर न्यायालयीन निर्णय झाला नाही. परंतु एक गोष्ट त्यातून सर्वांना उमगली. एका घरावरून हजारो घरांचा अंदाज बांधावयाचा असेल, तर ते एक घर कोणते हे गुप्त राहिले पाहिजे. मोजल्या जाणाऱ्याला आपण मोजले जात आहोत हे कळले, आणि त्यात कोणाचा स्वार्थ असला, की माप हलू लागते.

ब्राउझरच्या मोजणीतही असेच झाले. माणसाऐवजी पाने उघडणारी स्वयंचलित यंत्रे वाढत गेली आणि ओळखचिठ्ठीतील तपशील ब्राउझर कमी करू लागले. याच कारणांनी नेट ॲप्लिकेशन्सने २०२० च्या अखेरीस आपली मोजणी बंद केली. एक मापाडी बाजारातून उठून गेला. ज्याच्या सिंहासनावरून वाद माजला होता, त्या इंटरनेट एक्सप्लोररलाही मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निवृत्त केले.

मग अशा आकड्यांवर विश्वासच ठेवावयाचा नाही काय? तसे म्हणणे शहाणपणाचे होणार नाही. एकाच मापाड्याने एकाच रीतीने वर्षानुवर्षे मोजलेली रास वाढली की घटली, हे त्याच्या आकड्यांवरून पुष्कळ अंशी कळते. २०१२ मध्ये दोन कंपन्यांचे आकडे भिन्न होते. पण काही वर्षांपूर्वीच्या मानाने इंटरनेट एक्सप्लोररचा वाटा पुष्कळ घटला आहे, याविषयी दोघींचे दुमत नव्हते. चूक होते ती एका मापाड्याचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवून हारजीत ठरविण्यात. टक्केवारी समोर आली की ती कशाची, कोणाची, कोठली आणि कोणत्या वाराची, एवढे विचारण्याची सवय असली, तर पुष्कळसे वाद उद्भवणारच नाहीत.

परंतु आकड्यांवर ज्यांचे निर्णय चालतात, त्यांच्यावर याहून मोठी जबाबदारी आहे. विद्यानगरात शिकावयास आलेल्या खेड्यातील मुलीची कल्पना करावी. वडिलांचा जुना मोबाइल हातात घेऊन ती शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत आहे. अर्जाचे पान तिच्या ब्राउझरसाठी तयार केलेलेच नाही, कारण तो ब्राउझर वापरणारे शंभरात एकही नाहीत, असे कोष्टक सांगते. शेवटचे बटण दाबले जात नाही आणि मुदत त्याच रात्री संपते. कोष्टक कदाचित बरोबरही असेल. परंतु लाख अर्जांत शेकडा एक म्हणजे हजार मुले होतात. सार्वजनिक कामाचे पान सर्वांसाठी उघडले पाहिजे, ते वाट्याच्या हिशेबाने उघडावयाचे नसते. बाजारातील वाटा हे व्यापाऱ्याचे माप आहे. तेच माप शाळेला, रुग्णालयाला आणि सरकारी कचेरीला लावले, की मोजणीतून सुटलेला माणूस सोयीतूनही सुटतो.

मापाड्याच्या पायलीतून काही दाणे नेहमीच जमिनीवर सांडत. चांगला शेतकरी रास उचलून झाल्यावर ते वेचून घेत असे. त्यांची गणना कोणत्याही पायलीत झालेली नसे. पण ते त्याच शेतातून आलेले होते, हे तो विसरत नसे.